सिंकवरचा दिवा

डिसेंबरात हॅमिल्टनला पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. कामावरून घरी येऊन चहाची भांडी विसळायला उभे राहावे, तो सिंकपुढची खिडकी काळीभोर झालेली असते. मागचे अंगण दिसत नाही, दिसतो तो आपलाच चेहरा. मागच्या हिवाळ्यात आई आमच्याकडे आली होती. एका संध्याकाळी मेथी धुताना ती म्हणाली, "अरे, हा दिवा माझ्या पाठीवर कशाला पाडतोस? माती आहे ती हातातल्या भाजीत!"

खरेच होते. दिवा छताच्या मध्यभागी, आई भिंतीकडे तोंड करून सिंकपाशी, आणि तिची सावली नेमकी मेथीवर. स्वयंपाकघर नव्याने करायचे घाटत होतेच. सिंकच्या वर कपाट करावे की जागा मोकळी सोडावी, दिवा कुठे द्यावा, यावर घरात दोन तट पडले होते. त्या वादातून मला वेगळाच प्रश्न पडला. हा दिवा मुळात छताच्या मध्यभागी गेलाच कसा? शोध घेऊ लागलो, तेव्हा त्यात या गावाचा बराच इतिहास निघाला.

सिंकपाशी आधी आले पाणी. १८५४ साली हॅमिल्टनमध्ये पटकीची मोठी साथ आली आणि पाचशेहून अधिक माणसे दगावली. विहिरींच्या पाण्यावर गावाचा भरवसा उरला नाही. मग थॉमस कीफर या इंजिनिअरच्या आराखड्याप्रमाणे ओंटारियो सरोवराचे पाणी गावात आणण्याची योजना झाली. शेजारच्या डंडस गावात गार्टशोर यांच्या कारखान्यात दोन अवाढव्य वाफेची इंजिने घडवली गेली आणि १८५९ मध्ये पंप सुरू झाला. वुडवर्ड अॅव्हेन्यूवरच्या त्या दगडी इमारतीत आज संग्रहालय आहे. मुलांना घेऊन एकदा अवश्य जावे. नळ हळूहळू घराघरांत पोचला आणि सिंक खिडकीखाली बसले, कारण भांडे स्वच्छ निघाले की नाही हे पाहायला दिवसाचा उजेड हवा.

वीज आली त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. जॉन पॅटरसन, जॉन डिकेन्सन, जॉन मूडी, जॉन सदरलंड आणि जॉन गिब्सन अशा पाच जॉननी मिळून कॅटरॅक्ट पॉवर कंपनी काढली. नायगराच्या कड्यावर डीक्यू फॉल्स येथे पाणी खाली सोडून त्यांनी वीज तयार केली आणि ऑगस्ट १८९८ मध्ये ती सुमारे ५६ किलोमीटर तारांवरून हॅमिल्टनला आणली. त्या काळी हे अंतर धाडसाचे होते. स्वस्त वीज पाहून कारखाने आले आणि गावाला 'इलेक्ट्रिक सिटी' असे नाव पडले. कॅनेडियन वेस्टिंगहाउस १९०३ साली इथेच उभी राहिली. पण या विजेची पहिली मोठी गिऱ्हाइके होती कारखाने आणि ट्राम. भांडी घासणाऱ्या बाईचा नंबर बराच मागे होता.

आपल्याकडची गोष्टही फार निराळी नाही. १९१५ साली टाटांनी लोणावळ्याच्या परिसरातल्या तलावांचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून नळांतून खोपोलीला उतरवले आणि वीज मुंबईच्या कापड गिरण्यांना दिली. पुढे मुळशीच्या धरणासाठी गावे बुडणार म्हटल्यावर १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्याचे पुढारी. ती वीजही मुंबईसाठी होती, बुडणाऱ्या गावांतल्या मोऱ्यांसाठी नव्हती. कडा नायगराचा असो की सह्याद्रीचा, विजेने आधी गिरणीचा रस्ता धरला.

घरात वीज शेवटी आली, तेव्हा काटकसरीने आली. एका खोलीला एक दिवा, तो छताच्या मधोमध, म्हणजे तार कमी आणि खर्च कमी. खोली उजळली हे खरे, पण एक गोष्ट हातची गेली. आईचे लहानपण कोकणातले. रॉकेलची चिमणी चुलीपाशी लागेल तेव्हा चुलीपाशी, मोरीवर लागेल तेव्हा मोरीच्या कोनाड्यात. तिचा उजेड बेताचा, धूर मात्र भरपूर आणि भडक्याची धास्ती कायम. तेव्हा तिचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण चिमणी हाताच्या मागोमाग जाई. बल्ब छताला चिकटला आणि बाईला आपल्याच सावलीत काम करायची सवय झाली.

हे कुणाच्याच लक्षात आले नाही असे मात्र नाही. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन बाईंनी फ्रँकफर्टमधल्या कामगारवस्तीसाठी एक छोटेसे स्वयंपाकघर आखले. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे पुढे बांधली गेली. आजची ओट्याला जोडून असलेली कपाटे ही त्याचीच वंशावळ. त्यात कामाचे टेबल खिडकीपुढे होते आणि छतावरचा दिवा रुळावरून हवा तिकडे सरकवता येई. चिमणीची चाल त्यांनी विजेच्या दिव्याला दिली होती. कपाटांची कल्पना जगभर गेली, सरकता दिवा मागेच राहिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅनडात बंगल्यांच्या वसाहती उठल्या. सिंकवर खिडकी, दोन्ही बाजूंना कपाटे आणि त्यांना जोडणारी नक्षीदार फळी. आपल्यापैकी अनेकांनी पहिले घर घेतले ते असेच. त्या फळीआड बहुधा एक ट्यूबलाइट असे. तिचाही एक इतिहास आहे. दक्षिण ओंटारियोच्या मोठ्या भागात पूर्वी वीज २५ सायकलची होती आणि दिवे लुकलुकत. १९४९ ते १९५९ या दहा वर्षांत ती ६० सायकलवर आणताना घरोघरचे फ्रिज आणि कपडे धुण्याची यंत्रे बदलावी किंवा दुरुस्त करावी लागली. ट्यूबलाइटला त्यानंतर खरे सुखाचे दिवस आले.

आता आमच्या वादाचा निकाल. सिंकवर खिडकी असेल तर तिच्यावर कपाट नको, दिवसाचा उजेड फुकटचा आहे. खिडकी नसेल तर कपाट आखूड करावे, म्हणजे सिंकपासून अडीच फूट तरी मोकळे राहतात, डोके आपटत नाही आणि मोठे पातेले सहज फिरते. ओटा साधारण २५ इंच खोल असतो, वरचे कपाट १२ इंच. म्हणून कपाटाखाली एलईडीची पट्टी लावायची ती पुढच्या कडेला. मागे भिंतीलगत लावली तर भिंत उजळते, हात अंधारातच. खिडकीवर दिवा द्यायचा तर तो उभ्या माणसाच्या डोक्याच्या पुढे हवा, मागे नको. उजेड ३००० केल्विनच्या आसपासचा, पिवळसर असावा आणि रंग खरे दाखवणारा असावा. डब्यावर त्यासाठी सीआरआय ९० किंवा जास्त लिहिलेले पाहून घ्यावे. नाहीतर हळदीचा डाग धुतला गेला की नाही तेच कळत नाही. दिव्याचे बटण निराळे असावे. छतावरचा दिवा ठेवावा, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

आम्ही कपाटांच्या नमुन्यांवर तीन शनिवार घालवले आणि दिव्याचा विचार शेवटच्या दहा मिनिटांत उरकणार होतो. आईने टोकले नसते तर डॉक्टरेट असूनही मी दिवा पुन्हा छताच्या मधोमधच लावला असता. कारण त्या सिंकपाशी रोज अर्धा तास मी उभा राहत नव्हतो. आता राहतो. परवा फोनवर आईला सांगितले, "सिंकवर दिवा लावला." ती म्हणाली, "बरं झालं. आता मेथी तूच धू."