भीतीपासून प्रतिपिंडापर्यंत: अतिसक्रिय थायरॉईडच्या कारणांचा शोध

१/८
छातीत धडधड, गळ्याला गलगंड आणि खोबणीतून बाहेर आल्यासारखे डोळे. ही लक्षणे एकाच विकाराची आहेत, हे वैद्यकाला एकोणिसाव्या शतकात उमगले. कारण सापडायला मात्र त्यानंतर शतकाहून अधिक काळ लागला.

२/८
इंग्लंडमधील बाथचे डॉक्टर केलेब पॅरी यांनी १७८६ मध्ये असा रुग्ण प्रथम पाहिला. त्यांच्या टिपणांतील एक तरुणी चाकांच्या खुर्चीतून उतारावर फेकली गेली होती. त्या धसक्यानंतर तिची धडधड सुरू झाली. ही टिपणे पॅरींच्या मृत्यूनंतर, १८२५ मध्ये प्रसिद्ध झाली.

३/८
१८३५ मध्ये डब्लिनचे रॉबर्ट ग्रेव्ह्‌ज आणि १८४० मध्ये जर्मनीतील मर्सेबर्गचे कार्ल फॉन बाझेडो यांनी हाच विकार वर्णिला. तो हृदयाचा की मज्जातंतूंचा, असा वाद पुढे चालला. रुग्णांत स्त्रिया अधिक. त्यामुळे ‘हिस्टेरिया’चा शिक्काही हाताशी होता.

४/८
१८८६ मध्ये लाइपझिगचे पॉल मोबियस यांनी बोट थेट थायरॉईडकडे दाखवले: ही ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करते आहे. पण तिला असे करायला लावते कोण?

५/८
एक धागा आधीच हाती आला होता. जिनिव्हाचे कॉइंदे यांनी १८२० मध्ये गलगंडावर आयोडीन सुचवले. गाठी ओसरल्या, मात्र काही रुग्णांचे वजन घटू लागले, धडधड वाढली. थायरॉईड आपला स्राव आयोडीनपासूनच घडवते. आयोडीनच्या दीर्घ टंचाईत ग्रंथीतील काही गाठी पिट्युइटरीच्या आज्ञेबाहेर जातात. कच्चा माल मिळताच त्या अनिर्बंध स्रवतात.

६/८
हेच पुढे टास्मानियात दिसले. १९६६ मध्ये तेथे पावात आयोडीन मिसळू लागले आणि अतिसक्रिय थायरॉईडचे रुग्ण वाढले. विशेषतः जुना गलगंड असलेले वयस्क. काही वर्षांनी ही लाट ओसरली.

७/८
ग्रेव्ह्‌जच्या विकाराचे उत्तर निराळे होते. १९५६ मध्ये न्यूझीलंडमधील डनेडिन येथे ॲडम्स व पर्व्ह्‌ज यांनी रुग्णांच्या रक्तातील द्रव गिनीपिगांना टोचला. त्यांची ग्रंथी पिट्युइटरीच्या संप्रेरकाने होते त्याहून कितीतरी अधिक काळ उद्दीपित राहिली. पुढे कळले, हा घटक म्हणजे प्रतिपिंड: शरीराच्याच संरक्षक यंत्रणेने बनवलेला, पिट्युइटरीच्या आज्ञेची हुबेहूब नक्कल करणारा.

८/८
मग त्या धसक्याचे काय? ताण या विकाराला निमित्त ठरू शकतो, असे आजही मानले जाते. पण अस्वस्थता, हातांचा कंप, उडालेली झोप ही तर अतिस्रावाचीच लक्षणे. ज्यांना ‘घाबरट’ ठरवून परत पाठवले गेले, त्यांपैकी अनेकींची भीतीही बहुधा त्याच ग्रंथीतून आलेली होती.