पावलांनी लिहिलेला इतिहास

मनोरीहून तरीने खाडी ओलांडावी, मार्व्याहून मालाड गाठावे, की अंधेरी फारशी दूर राहत नाही. या अंधेरीत एकेकाळी भारताचा इतिहास पावलांनी लिहिला गेला, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असेल?

मे १९४३ मध्ये मुंबईत ‘इप्टा’ ही नाट्यसंस्था स्थापन झाली. त्याच वर्षी बंगालमध्ये लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. हे दुःख भाषा न जाणणाऱ्या प्रांतांपर्यंत कसे पोहोचवावे, हा त्या काळच्या कलावंतांपुढील प्रश्न होता. त्याचे एक उत्तर नृत्यनाट्यात सापडले. उदयशंकर यांच्या अल्मोड्याच्या कलाकेंद्रात काम केलेले शांती बर्धन संस्थेच्या मध्यवर्ती पथकाचे नृत्यदिग्दर्शक झाले. निरनिराळ्या प्रांतांतील ही तरुण मंडळी अंधेरीत एकत्र राहत व एकत्र सराव करीत.

त्यांच्या ‘स्पिरिट ऑफ इंडिया’मध्ये दुष्काळाने व पारतंत्र्याने पिचलेली जनता उभी राहिली. त्यानंतरच्या ‘इंडिया इम्मॉर्टल’मध्ये प्राचीन काळापासूनचा देशाचा प्रवास होता. त्याचे संगीत रविशंकर यांचे. ‘सारे जहाँ से अच्छा’ची आज सर्वमुखी असलेली चालही त्यांनी १९४५ मध्ये इप्टासाठीच बांधली. पुढे १९४७ मध्ये, नेहरूंनी अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवासात लिहिलेल्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’वर इंडियन नॅशनल थिएटरने नृत्यनाट्य सादर केले. तेथेही बर्धन आणि रविशंकर होतेच.

मौनाला मर्यादा असतात, हे आम्ही जाणतो. पाऊल सनावळी सांगू शकत नाही. धान्याचे भाव का चढले, साठे कोणी दडविले, याचा हिशेब हातवारे मांडू शकत नाहीत. म्हणून गीत व निवेदन यांची जोड द्यावी लागे. परंतु भुकेने वाकलेला देह रंगमंचावर दिसला की त्याचा अनुवाद करावा लागत नाही. इतिहासाची कारणे ग्रंथांत वाचावीत; त्याची वेदना मात्र देहाने देहाला सांगावी.

या कथेचा शेवट अधिक हृद्य आहे. बर्धन यांना क्षयाने गाठले; त्यात एक फुप्फुस गेले. तशाही अवस्थेत त्यांनी १९५२ मध्ये मुंबईत ‘लिटल बॅले ट्रूप’ उभारला आणि जिवंत नर्तकांना कळसूत्री बाहुल्यांप्रमाणे चालवून ‘रामायण’ रंगविले. १९५४ मध्ये त्यांचे निधन झाले. पत्नी गुल बर्धन यांनी तो वारसा २०१० मधील आपल्या मृत्यूपर्यंत सांभाळला.

आमच्याकडे गावच्या इतिहासावर नाटिका बसविण्यासाठी तरुण येतात, तेव्हा पानेच्या पाने संवाद लिहून आणतात. नातवंडांचे इंग्रजी आजीला कळत नाही, आजीची गावबोली नातवंडांना अवघड जाते. मधल्या मधे गावाची आठवण हरवते. आम्ही त्यांना सुचवितो : कागद जरा बाजूला ठेवा. वल्हे कसे मारतात, जाळे कसे ओढतात, वादळात न परतलेल्या होडीची वाट किनाऱ्यावर कशी पाहतात, एवढे आजीला विचारा आणि करून पाहा. साथीला गावचा बँड आहेच. पहिल्या रांगेतली आजी मान डोलवील, तर इतिहास बरोबर उतरला असे समजावे.