सोळा आणे पीक कोणी पाहिले? : पैसेवारीच्या इतिहासाचा धागा

जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यातले पिंपळगाव रेणुकाई हे गाव बाहेरच्या जगाला ठाऊक आहे ते मिरचीच्या बाजारामुळे. सरकारी तक्त्यांत मात्र त्याची ओळख निराळी आहे. ते एक महसूल मंडळ आहे. पाऊस किती झाला, पीक किती आले आणि पीकविमा मिळणार की नाही, हे सारे या मंडळाच्या नावापुढे आकड्यांत लिहिले जाते. यांतला सर्वांत जुना आकडा म्हणजे पैसेवारी. आजचा धागा तिच्याविषयी आहे.

पैसेवारी म्हणजे काय? उत्तम पीक रुपयाएवढे धरायचे आणि यंदाचे पीक त्याच्या किती पैसे आले ते सांगायचे. ५० पैशांच्या आत आकडा आला की गाव टंचाईग्रस्त मानले जाई आणि सवलतींची दारे उघडत: जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, मुलांची परीक्षा फी माफ. ५१ आला की यांतले काही नाही. दोन पैशांच्या या अंतरावर एका गावाचे वर्ष तोलले जाते. म्हणून हा आकडा कोण काढतो आणि काढणाऱ्याला कोण तपासतो, हा प्रश्न दिसतो तितका रुक्ष नाही.

या प्रश्नाची सुरुवात आपल्याच परिसरात सापडते. १६५२ मध्ये औरंगजेबाची दख्खनच्या सुभेदारीवर दुसऱ्यांदा नेमणूक झाली. त्याच्याबरोबर मुर्शिद कुली खान हा बालाघाटचा, म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील पठारी मुलखाचा, दिवाण म्हणून आला. १६५६ मध्ये सगळ्या दख्खनची दिवाणी त्याच्याकडे गेली. मुलूख लढायांनी उजाड झालेला होता. त्याने एकच नियम सर्वांवर लादला नाही. कुठे नांगरामागे ठरावीक रक्कम, कुठे जमिनीची मोजणी, तर कुठे पिकाची वाटणी अशी व्यवस्था लावली. वाटणीतही भेद होता: पावसावरच्या पिकाचा अर्धा हिस्सा सरकारचा, विहिरीवरच्या धान्याचा तिसरा आणि ऊस, द्राक्षे यांसारख्या पिकांत चौथ्यापासून नवव्यापर्यंत. पाणी काढायला कष्ट किती पडतात, हे त्या दिवाणाला कळत होते!

खाफीखानाने पुढल्या शतकात त्याच्याविषयी एक गोष्ट नोंदवली आहे. मोजणीचा दोर धरणारे लबाडी करतील म्हणून हा दिवाण कधी कधी दोराचे एक टोक स्वतःच्या हातात धरी. बखरकार आवडत्या माणसाला थोडे उजळवतातच, हे गृहीत धरू. तरी दोराविषयीची शंका खोटी नव्हती. तागाचा दोर ओला झाला की आखडतो, कोरडा झाला की सैल पडतो. अकबराच्या काळात दोराऐवजी लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूच्या काठ्या आणल्या गेल्या, त्या याचसाठी. परंतु शेतकरी आणि सरकार यांच्यामधला माणूस कोणत्या बाजूने आखडेल, याला लोखंडी कडी पुरत नाहीत. आणि एक दिवाण किती शेतांत उभा राहणार?

आता १८२७ कडे जाऊ. पेशवाई बुडून नऊ वर्षे झाली आहेत. रॉबर्ट कीथ प्रिंगल हा मुंबई सरकारचा तरुण मुलकी अधिकारी पुणे भागात मोजणी सुरू करतो. इंग्लंडातल्या हेलीबरी कॉलेजात, जिथे माल्थस अर्थशास्त्र शिकवीत असे, तो तयार झालेला. खंडाचा सिद्धांत त्याला मुखोद्गत होता: एकूण पिकातून लागवडीचा सारा खर्च वजा करावा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारने घ्यावेत. कागदावर हे न्याय्य दिसते. मात्र त्यासाठी प्रत्येक प्रतीच्या जमिनीचा नांगरणीपासून मळणीपर्यंतचा खर्च माहीत असायला हवा. ती माहिती हाताखालच्या कारकुनांनी भरली. कुणी लाच घेऊन भरली, कुणी अंदाजाने. प्रिंगलचे गणित चोख होते, पण त्यात घातलेले आकडे नासके होते. इंदापूर तालुक्यात दर लागू झाले, त्यात धान्याचे भाव उतरले. शेते ओस पडू लागली आणि माणसे गावे सोडून गेली.

१८३५ मध्ये त्याच इंदापुरात हेन्री गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि जॉर्ज विंगेट हा लष्करी इंजिनिअर आले. निव्वळ उत्पन्न शोधण्याचा नाद त्यांनी सोडला. ज्याची खात्री दुसऱ्याला करून घेता येईल तेवढेच त्यांनी मोजायचे ठरवले. शेताचे सारखे चौकोनी भाग पाडायचे. प्रत्येक भागात मातीची खोली हातांत मोजायची आणि तिचा पोत पाहायचा. पावणेदोन हात खोलीची उत्तम काळी जमीन १६ आण्यांची. खोली कमी झाली की १४, १२, १० असे उतरत दोन आण्यांपर्यंत नऊ प्रती. शिवाय सात दोष ठरलेले: चुनखडीचे खडे, वाळू, उतार, पाण्याने वाहून जाण्याची भीती वगैरे. एक दोष आढळला की जमीन एक प्रत खाली.

या पद्धतीचे खरे सौंदर्य तिच्या कागदात आहे. प्रतबंदी करणारा कारकून शेताचा चौकोनी नकाशा काढी आणि प्रत्येक चौकोनात खोलीचा आकडा व दोषांच्या खुणा लिही. वरचा अधिकारी काही शेते निवडून त्याच चौकोनात पुन्हा खणून पाही. खोली जुळली तर ठीक, नाही तर कारकुनाला जाब. मुर्शिद कुलीने दोराचे टोक हातात धरून जे साधले, ते विंगेटने कागदावरच्या चौकोनांनी साधले. १८४७ च्या संयुक्त अहवालात हे नियम पक्के झाले. पुढे सालारजंगांच्या सुधारणांनंतर निजामाच्या मराठी मुलखातही मुंबईच्या धर्तीवर मोजणी झाली. भोकरदन तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते. जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी.

परंतु जमीन स्थिर असते, पीक नसते. जमिनीची प्रत तीस वर्षे टिकेल. पाऊस दरवर्षी वेगळा. म्हणून पिकासाठी वेगळी आणेवारी आली, आणि इथे विंगेटची सारी शिस्त गळून पडली. सोळा आणे म्हणजे मनातले उत्तम पीक. यंदा किती आणे, हे पाटील-कुलकर्ण्यांपासून मामलेदारापर्यंतच्या मंडळींनी बांधावरून पाहून ठरवायचे. पीक कापून झाले की पुरावाही संपला. पुन्हा खणून पाहायला चौकोन उरत नाही. शिवाय आणे मोजणारे आणि सारा वसूल करणारे हात एकच. वसुली किती झाली यावर ज्याची बढती, त्याच्या डोळ्याला पीक थोडे अधिक हिरवे दिसणारच.

१९१८ च्या खेडा सत्याग्रहात भांडण नेमके याचे होते. गुजरात तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. पीक चार आण्यांच्या आत असेल तर त्या वर्षीची वसुली तहकूब करावी, असा नियम. शेतकरी म्हणत चार आण्यांच्या आत, अधिकारी म्हणत वर. भारत सेवक समाजातर्फे गो. कृ. देवधर, ना. म. जोशी आणि ठक्करबाप्पा पाहणीला गेले होते. २२ मार्चला गांधीजींनी सत्याग्रह पुकारला. स्वातंत्र्यलढ्याच्या पुस्तकांत ‘सारा माफीसाठी’ एवढेच वाचून आपण पुढे जातो. वास्तविक लोक एका अंदाजाला आव्हान देत होते आणि तो अंदाज तपासण्याची पंचांची यंत्रणा मागत होते.

अंदाजाला शास्त्राचे बळ दिले ते सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेल्या एका मराठी संख्याशास्त्रज्ञाने. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांनी १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोगांची पद्धत रुजवली. यादृच्छिक अंकांनी शेत निवडायचे, शेतातली जागाही तशीच निवडायची, ठरावीक चौकोन आखून तेवढेच पीक कापायचे, मळायचे आणि तोलायचे. बांधावरून पाहणे नाही, ‘बरे दिसते तिथे’ कापणेही नाही.

याच काळात त्यांचा प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी वाद रंगला. महालनोबिस काही फूट त्रिज्येची लहान वर्तुळे कापण्याच्या बाजूचे. कमी खर्चात पुष्कळ नमुने मिळतात, हे त्यांचे म्हणणे. सुखात्म्यांनी दाखवून दिले की लहान तुकडे पीक फुगवून दाखवतात. कारण सीमेवरचे रोप आत की बाहेर, अशी शंका आली की हात त्याला आत ओढतो. आपण स्वतःच हिशेब करून पाहा. चार फूट त्रिज्येच्या वर्तुळाची कड अर्ध्या फुटाने बाहेर गेली तर क्षेत्र सव्वीस टक्क्यांहून अधिक वाढते. दहा मीटरच्या चौकोनाची प्रत्येक बाजू तेवढीच बाहेर सरकली तर वाढ सुमारे सहा टक्के. सहा टक्के क्षुल्लक वाटतात? ४८ पैशांचे पीक तेवढ्याने ५१ पैशांचे होते.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, आणे गेले. आणेवारीची पैसेवारी झाली, तरी बोलण्यात जुने नाव अजून टिकून आहे. सप्टेंबरअखेर नजरअंदाज पैसेवारी, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरात खरिपाची अंतिम, असा साधारण क्रम. नजरअंदाज हा शब्द सरकारने प्रामाणिकपणे तसाच ठेवला, याचे मला कौतुक वाटते. अंतिम आकडा मात्र गावच्या समितीसमोर भूखंड कापून निघतो आणि तालुक्यासाठी ठरवलेल्या प्रमाण उत्पन्नाशी ताडला जातो. मळणीचे वजन सर्वांना दिसते. भागाकारातला खालचा आकडा फारसा कुणी पाहत नाही. तो काढताना लागोपाठची दुष्काळी वर्षे सरासरीत आली, तर प्रमाणच खाली येते आणि यंदाचे वाईट पीक बरे ठरते.

११ मे २०१६ रोजी स्वराज अभियान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला दुष्काळाची नियमावली सुधारायला सांगितले. त्या वर्षअखेरच्या नव्या नियमावलीत पैसेवारीची मुख्य जागा पाऊस, मातीतला ओलावा, उपग्रहाने टिपलेला पिकांचा हिरवेपणा आणि भूजल यांनी घेतली. पण उपग्रहाच्या मापावरही कुणी डोळे मिटून विश्वास ठेवलेला नाही. तालुक्यातली दहा टक्के गावे यादृच्छिक निवडून शेतात जाऊन खात्री करावी लागते. महाराष्ट्रात २०१८ मध्ये त्यासाठी ‘महामदत’ हे अॅप वापरले गेले. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यात ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात भोकरदन होते. उरलेल्या राज्यात पुढल्याच महिन्यात १,०२१ महसूल मंडळे दुष्काळसदृश ठरवावी लागली, कारण तालुक्याच्या सरासरीत कोरडी मंडळे झाकली गेली होती.

मंडळही काही लहान नसते. पिंपळगाव रेणुकाई मंडळातल्या साऱ्या गावांच्या नावे मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आकडा लागतो. ओढ्याच्या एका काठाला पाऊस आणि दुसऱ्या काठाला ऊन, हे त्या मापकाला कळत नाही. आणि जिच्यामुळे या गावाचे नाव दूरवर गेले त्या मिरचीची उन्हाळी लागवड होते ती खरिपाची अंतिम पैसेवारी जाहीर होऊन काही महिने लोटल्यावर, विहिरीत जे पाणी उरले असेल त्यावर. त्या पाण्यासाठी पैसेवारीच्या तक्त्यात रकाना नाही.