डिग्री शो, आयडीसी (पवई)

पवई तलावाकाठच्या आयआयटी मुंबईतील ‘आयडीसी स्कूल ऑफ डिझाइन’च्या विद्यार्थ्यांचे पदवी-प्रदर्शन. १९६९ मध्ये ‘इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर’ या नावाने सुरू झालेल्या या संस्थेच्या उभारणीत सुधाकर नाडकर्णी यांचा मोठा वाटा होता. ते सर ज. जी. कला महाविद्यालयात आणि पुढे जर्मनीतील उल्म येथील डिझाइन विद्यालयात शिकले होते. चित्रकलेची नजर आणि कारखान्याची शिस्त यांचा मेळ पवईत बसला, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे.

कलाविद्यालयांच्या वार्षिक प्रदर्शनांत तयार चित्र किंवा शिल्प केंद्रस्थानी असते. येथे वस्तूइतकेच महत्त्व तिच्यामागच्या विचाराला असते. प्रतिकृती, रेखाटने, अक्षररचना, अॅनिमेशनपट यांच्याशेजारी विद्यार्थी स्वतः उभा राहून आपला प्रश्न आणि त्याचे उत्तर समजावून सांगतो. प्रदर्शनाचा खरा कस याच संवादात लागतो. पाहणाऱ्यांत उद्योगांतील मंडळीही असतात.

मराठी वाचकाला जवळची वाटावी अशी येथील परंपरा अक्षरांची. ‘मंगल’ या देवनागरी फाँटचे कर्ते, सुलेखनकार र. कृ. जोशी येथे शिकवत. तमिळ अक्षररचनेवर येथेच संशोधन करणाऱ्या डी. उदय कुमार यांनी रेखाटलेले ₹ हे चिन्ह भारत सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले. अभियांत्रिकीच्या आवारात कलाशिक्षणाला दुय्यम मानणाऱ्यांना हे एकच उदाहरण पुरेसे आहे.