बार्न्सच्या संयमाचं कौतुक पुरे

१९८८. गुडिसन पार्कवर एव्हर्टनविरुद्धचा सामना. लिव्हरपूलच्या जॉन बार्न्सच्या पायाशी कुणीतरी केळं फेकलं. त्यानं ते टाचेनं बाहेर ढकललं. तो फोटो बघून मी कित्येक वर्षं म्हणायचो, "काय संयम आहे राव!" पण फेकणाऱ्याचं काय?

इंग्लंडच्या मैदानांवर वर्णद्वेषी घोषणा गुन्हा ठरल्या १९९१ मध्ये. त्यातही पळवाट होती: एकटाच ओरडला तर गुन्हा नाही! ती बुजवायला १९९९ उजाडलं. स्पेनमध्ये व्हिनिसियसवर वर्णद्वेषी शिवीगाळ करणाऱ्या तिघांना २०२४ मध्ये ८ महिन्यांची शिक्षा झाली. फुटबॉल मैदानातल्या वर्णद्वेषासाठी तिथली पहिलीच.

सोसत राहणं हे खेळाडूचं काम नाही, मंडळी. शेजारचा ओरडला तर आपण काय करतो, ते सांगा.