रणभूमीचे राखणदार : त्र्यं. शं. शेजवलकर



आपला परांड्याचा किल्ला स्वतःची साक्ष स्वतःच देतो. खंदक आहे, बुरूज आहेत, तोफा आहेत. विजापूरची मुलूखमैदान तोफ 1632 साली येथूनच गेली, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु येथून उत्तरेस सुमारे 40 किलोमीटरवर, खर्ड्याच्या माळावर मार्च 1795 मध्ये मराठे आणि निजाम यांची लढाई झाली, तिची साक्ष कोण देणार? रणांगणाला तट नसतो. त्यावर नांगर फिरला की त्याचे शेत होते.

अशा बिनभिंतीच्या जागा ज्यांनी ग्रंथांतून राखल्या, त्या त्र्यंबक शंकर शेजवलकरांचे आज स्मरण करावयाचे आहे. जन्म 1895, निधन 1963. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी मराठ्यांचा इतिहास शिकविला. पानिपतावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1946 साली निघाला. मराठी ग्रंथ 1961 साली, म्हणजे लढाईला दोनशे वर्षे होताना. तोवर पानिपत आपण बहुधा हळहळत सांगत आलो होतो. शेजवलकरांनी प्रश्न निराळे केले. फौज कोठे उभी होती? यमुना किती दूर? तोंड कोणत्या दिशेला? त्यांचा निष्कर्ष असा की, तोफखान्यासह गोल बांधून कोंडीतून बाहेर पडण्याचा भाऊसाहेबांचा बेत होता, आणि तो गोल फुटला तेथे घात झाला. नशिबाला बोल लावण्याची सोय त्यांनी ठेवली नाही.

हीच दृष्टी आपण खर्ड्याला लावून पाहू. निजामाने खर्ड्याच्या लहानशा गढीचा आश्रय केला. तेथे कोंडला गेल्यावर त्याला तह करावा लागला. त्याने सोडलेला सरहद्दीचा मुलूख दक्षिणेस परांड्यापासून उत्तरेस तापीपर्यंत होता. त्यात दौलताबादही होते. आपले गाव त्या तहाची एक सीमा आहे, मग त्या मैदानाची चौकशी आपण नाही करायची तर कोणी?

पत्रांत ओढे, घाट, माळ यांची नावे येतात. सातबाऱ्यावर आता गट नंबर आले. शिवारांची जुनी नावे म्हाताऱ्यांच्या तोंडी उरली आहेत. ती माणसे गेली की पत्रातला ओढा कोणता, हे सांगणारा राहणार नाही. पुढल्या वसंतापर्यंत दहा गावांच्या शिवारांची नावे आपल्या तरुणांनी वहीत उतरून आणावीत. शेजवलकरांचे तेवढे श्राद्ध पुरे.