पोस्त, बक्षीस आणि बोनस : लहान पेढीतील एका देण्याचा इतिहास

दिवाळीच्या सुमारास पेढीवरील नोकराच्या हाती पगाराखेरीज जी रक्कम पडते तिला आज आपण सरसकट 'बोनस' म्हणतो. हा शब्द पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरणगावात रुजला आणि तेथून दुकानांत, छापखान्यांत व घरगुती कारखान्यांत पसरला. तत्पूर्वी अशी रक्कम दिली जात नव्हती असे मुळीच नाही. शब्द निराळे होते, आणि शब्दांबरोबर देणाऱ्याघेणाऱ्यांचे नातेही निराळे होते. लहान पेढीने आपल्या नोकरांना बोनस बिनचूक कसा द्यावा हा प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा वाटतो. परंतु त्याच्या इतिहासात शिरले म्हणजे हिशेबाच्या आधी नावाचा प्रश्न उभा राहतो असे दिसून येते. दिलेली रक्कम कोणत्या जातीची आहे ह्यावरच ती पुढल्या वर्षी थांबविण्याची मुभा मालकाला आहे की नाही हे ठरत आले आहे. प्रस्तुत लेखात ह्या नामभेदाचा मागोवा घेण्याचे योजिले आहे.

जुन्या शब्दांपासून आरंभ करू. 'बक्षीस' हा शब्द फारसीतून आला. त्याच्या मुळाशी 'देणे, बहाल करणे' ह्या अर्थाचा धातू आहे. 'इनाम' अरबीतून आला, आणि त्यात उपकाराची, कृपेची छटा आहे. शिमग्याला व दिवाळीला घरचे गडी, रखवालदार, टपालवाले ज्या नावाने पैसे मागत ते 'पोस्त'. ह्या तिन्ही शब्दांत देणाऱ्याची मर्जी गृहीत आहे. ह्याच्या उलट 'पगार' हा पोर्तुगीजांकडून घेतलेला शब्द 'फेडणे, चुकते करणे' ह्या अर्थाच्या क्रियापदापासून आलेला असल्यामुळे त्यात ऋणाची कल्पना मुळातच आहे. 'बोनस'ची कुळकथा मात्र काहीशी गमतीची आहे. लॅटिनमध्ये हे 'चांगला' ह्या अर्थाचे विशेषण. अठराव्या शतकात लंडनच्या रोखेबाजारातील मंडळींनी त्याचे नाम केले, आणि तेही पुल्लिंगी रूप घेऊन. 'चांगली वस्तू' म्हणायचे तर नपुंसकलिंगी 'बोनुम' हवे होते. मराठीनेही हा शब्द पुल्लिंगीच ठेवला, ह्यात लॅटिन व्याकरणाशी इमान राखण्याचा हेतू नसावा.

मराठी बोलणाऱ्यांनी ह्या शब्दाला कोणत्या पंक्तीस बसविले हे पाहण्याची एक सोपी कसोटी आहे. पगार थकतो, भाडे थकते, वसुली थकते. जे देणे लागते तेच थकते. बक्षीस थकले असे कोणी म्हणत नाही, पोस्त थकल्याचेही ऐकिवात नाही. परंतु 'दोन वर्षांचा बोनस थकला आहे' हे वाक्य कानाला मुळीच खटकत नाही. म्हणजे परक्या भाषेतून 'वरकड लाभ' ह्या अर्थाने आलेला शब्द मराठीत बक्षिसाच्या पंक्तीतून उठून पगाराच्या पंक्तीत जाऊन बसला. हे स्थलांतर आपोआप घडलेले नाही. त्यामागे सुमारे साठ वर्षांचा झगडा आहे.

हिंदुस्थानात बोनसची सुरुवात १९१७ साली कापडगिरण्यांतून झाली. युद्धामुळे महागाई वाढली होती आणि गिरण्यांना नफाही अमाप होत होता. तेव्हा वेतनाच्या १० टक्के 'युद्ध-बोनस' देण्यात आला. त्याच वर्षी अहमदाबादेत प्लेगची साथ आली. विणकरांनी शहर सोडून जाऊ नये म्हणून तेथील मालकांनी 'प्लेग-बोनस' सुरू केला व तो वेतनाच्या ७० टक्क्यांपर्यंत पोचला. साथ ओसरताच तो बंद करण्याचे ठरले, आणि त्यातूनच १९१८ चा, महात्मा गांधींच्या उपवासामुळे प्रसिद्ध झालेला, अहमदाबादचा संप उद्भवला. गांधींनी बोनस परत मागितला नाही ही गोष्ट लक्षणीय आहे. त्यांनी वेतनात ३५ टक्के वाढ मागितली, आणि लवाद आनंदशंकर ध्रुव ह्यांनी ती मान्य केली. जी रक्कम मालकाच्या सोयीने येते ती त्याच्याच सोयीने जाते, म्हणून मागणी वेतनाच्या नावाने करणे शहाणपणाचे, असा विचार त्यामागे असावा असे मला वाटते.

मुंबईच्या कामगारांनी निराळा मार्ग धरला. युद्धानंतर काही वर्षे ओळीने वार्षिक बोनस मिळाल्यावर मंदीचे कारण देऊन १९२३ सालचा बोनस नाकारण्यात आला, तेव्हा जानेवारी १९२४ मध्ये सार्वत्रिक संप झाला. तो मार्चअखेरपर्यंत चालला. सरकारने मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाउड ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. वहिवाट, कायदा किंवा न्यायबुद्धी ह्यांपैकी कोणत्याही आधारावर बोनसची सक्तीने वसुली करता येईल असा हक्क कामगारांना सिद्ध करता आलेला नाही, असा निष्कर्ष समितीने काढला. संप फसला. परंतु समितीने ज्या तीन वाटा बंद म्हणून दाखविल्या त्याच पुढे एकेक करून उघडल्या गेल्या, आणि म्हणून हा पराभव इतिहासदृष्ट्या फार महत्त्वाचा आहे.

न्यायबुद्धीची वाट १९५० साली उघडली. मुंबईचा गिरणीमालक संघ आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ ह्यांच्या वादात कामगार अपील न्यायाधिकरणाने एक सूत्र घालून दिले : ढोबळ नफ्यातून घसारा, यंत्रसामग्रीच्या पुनर्वसनाची तरतूद, आयकर, भरणा झालेल्या भांडवलावर ६ टक्के व खेळत्या राखीव निधीवर त्याहून कमी दराने परतावा, एवढे वजा केल्यावर जी शिल्लक उरेल तिच्यात कामगाराचा वाटा. १९५५ साली म्यूर मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बोनस हे बक्षीसही नव्हे आणि राखून ठेवलेले वेतनही नव्हे; वेतन निर्वाहमानापेक्षा कमी असेल आणि नफ्यात श्रमाचा भाग असेल तर तो मागता येतो. ह्या व्याख्येने बोनस धड बक्षीसही राहिला नाही आणि धड पगारही झाला नाही. मोठ्या गिरणीत ताळेबंद छापलेला असतो, त्यामुळे तेथे हे सूत्र लावता येत होते. ज्या पेढीत मालकाचा घरखर्च आणि धंद्याचा खर्च एकाच वहीत पडतो तेथे 'शिल्लक' म्हणजे काय, हे मात्र कोणालाही सांगता येत नव्हते.

कायद्याची वाट मेहेर आयोगानंतर उघडली. १९६१ साली नेमलेल्या ह्या आयोगाचा अहवाल १९६४ च्या आरंभी आला आणि १९६५ साली बोनस प्रदान अधिनियम झाला. किमान बोनस वेतनाच्या ४ टक्के किंवा ४० रुपये, कमाल २० टक्के. नफा नसला तरी किमान देणे बंधनकारक. ह्या शेवटल्या तरतुदीला आव्हान दिले गेले, पण १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे १९७२ मध्ये किमान दर ८.३३ टक्के झाला, १९७५ मध्ये आणीबाणीत खाली आणला गेला आणि १९७७ मध्ये पूर्ववत झाला. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाचा बारावा भाग, अर्थात एका महिन्याचे वेतन.

येथे एका प्रचलित कथेचा परामर्श घेणे अवश्य आहे. पूर्वी वेतन दर आठवड्याला मिळे, वर्षाचे ५२ आठवडे म्हणजे चार-चार आठवड्यांचे तेरा महिने. मासिक पगार सुरू झाल्यावर बुडालेला तेरावा पगार म्हणजेच बोनस, अशी ही कथा दर दिवाळीला नव्याने फिरते. गणित आकर्षक आहे, परंतु इतिहास त्याला अनुकूल नाही. मुंबईच्या गिरण्यांत वेतन महिन्याचेच असे, तेही महिना संपल्यावर काही दिवसांनी हाती पडे. अहमदाबादेत 'हप्ता' सुमारे पंधरवड्याचा होता. १९१७ च्या १० टक्क्यांचा किंवा १९५० च्या सूत्राचा तेराव्या महिन्याशी संबंध लागत नाही. मात्र ही कथा लोकांना पटते ह्याचे कारण विचारात घेण्याजोगे आहे : बोनस हे आपलेच, राहून गेलेले वेतन आहे ही भावना तिने हिशेबाच्या भाषेत मांडली.

आता लहान पेढीकडे वळू. १९६५ चा कायदा सर्व कारखान्यांना लागू झाला. इतर आस्थापनांपैकी, म्हणजे दुकाने व पेढ्या ह्यांपैकी, वर्षातील कोणत्याही दिवशी २० किंवा अधिक नोकर असतील त्यांनाच लागू झाला. जेथे तो लागू झाला तेथे बिनचूकपणाचे तपशील त्याने ठरवून दिले, आणि लहान मालकांच्या चुका बहुधा ह्या तपशिलांतच होत आल्या. बोनस मूळ वेतन व महागाई भत्ता ह्यांवर मोजावयाचा, जादा कामाच्या पैशावर नव्हे. परंतु वेतनाच्या बदल्यात नोकर मालकाकडे जेवत असेल तर त्या जेवणाचे मोल वेतनात धरावयाचे. खाणावळी आणि जुन्या धर्तीच्या पेढ्या ह्यांच्या दृष्टीने हे कलम मार्मिक आहे. वर्षात ३० दिवस काम केलेला नोकरही पात्र. पगारी रजा व प्रसूतिरजा ह्यांचे दिवस कामाचेच समजावयाचे. मालाची नासधूस किंवा अन्य गैरवर्तन ह्यामुळे झालेले नुकसान बोनसमधून कापता येते, पण त्याच हिशेबी वर्षाच्या. मागल्या वर्षी फुटलेल्या बरण्या ह्या वर्षीच्या बोनसवर लिहिता येत नाहीत.

२०१५ च्या दुरुस्तीने पात्रतेची वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये झाली आणि मोजणी ७,००० रुपये किंवा त्या कामाचे शासनमान्य किमान वेतन, ह्यांपैकी जे अधिक असेल त्यावर करावयाची ठरली. ह्यातील उत्तरार्ध अनेकांच्या नजरेतून सुटला. ७,००० रुपयांवर वर्षाचा किमान बोनस ६,९९७ रुपये २० पैसे होतो. पण किमान वेतन, उदाहरणार्थ, ११,००० रुपये असेल तर तोच १०,९९५ रुपये ६० पैसे होतो. चार हजारांचा हा फरक नोकराच्या दृष्टीने थोडा नव्हे.

मुदतीचाही एक इतिहास आहे. हिशेबी वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत बोनस दिला पाहिजे असे कायदा सांगतो. व्यापाऱ्यांचे वर्ष जेव्हा दिवाळीला संपे तेव्हा वहीपूजन, नफ्याचा आकडा आणि नोकरांचे देणे ही तिन्ही एकाच मुहूर्तावर येत. १९८९ पासून आयकरासाठी ३१ मार्चचे वर्ष सर्वांना सक्तीचे झाले. आठ महिने मोजले तर मुदत ३० नोव्हेंबरला संपते आणि दिवाळी त्याच्या आतच येते. सण आणि कायदा ह्यांची गाठ अशी योगायोगाने टिकून राहिली.

वीसपेक्षा कमी नोकरांच्या दुकानांचे काय, हा प्रश्न १९६८ साली मद्रासच्या मिरची, धान्य व किराणा व्यापाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. अधिनियम परिपूर्ण असून त्याच्या कक्षेबाहेरील दुकानांतील नोकरांना औद्योगिक विवाद कायद्याच्या आधारेही बोनस मागता येणार नाही, असा निर्णय झाला. लहान दुकानातील नोकराला जणू १९२४ च्या समितीपुढे पुन्हा उभे केले गेले.

ह्यानंतरचा वाद मुंबईच्या नागदेवी भागातील आहे. लोखंडी सामान व अवजारे ह्यांच्या व्यापाराबद्दल हा भाग प्रसिद्ध आहे. तेथील अनेक छोट्या व्यापाऱ्यांकडे मिळून सुमारे एक हजार कामगार होते. १९६५ पर्यंत त्यांना बोनसच्या नावाने रक्कम मिळत होती. पुढे व्यापाऱ्यांनी ती थांबविली. ती आमच्या खुशीची होती, हे त्यांचे म्हणणे; आणि अधिनियम आम्हांस लागू नाही, सबब बोनसचा प्रश्नच उद्भवत नाही, हा त्यांचा कायदेशीर पवित्रा. मुंबई कामगार सभेने हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. मार्च १९७६ च्या निर्णयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी दाखवून दिले की १९६५ चा अधिनियम केवळ नफ्यावर आधारलेल्या बोनसविषयी बोलतो, आणि मद्रासच्या खटल्यातील वादही त्याच बोनसचा होता. वहिवाटीने किंवा नोकरीच्या शर्तीने येणारा बोनस ही निराळी वस्तू असून अधिनियम तिला आडवा येत नाही. शब्द एक आहे म्हणून पदार्थ एक ठरत नाही, हा भाषाभ्यासकाला ओळखीचा विचार येथे न्यायालयाच्या तोंडून बाहेर पडला. मॅक्लाउड समितीने बंद केलेली वहिवाटीची वाट अशा रीतीने लहान दुकानापुरतीही मोकळी झाली.

अर्थात वहिवाट सिद्ध करावी लागते. कलकत्त्याच्या पूजा-बोनसच्या खटल्यांतून तिच्या कसोट्या आधीच ठरत आल्या होत्या : देणे खंड न पडता चालले पाहिजे, बरीच वर्षे चालले पाहिजे, तोट्याच्या वर्षीही दिले गेले असले पाहिजे, दर सारखा असला पाहिजे. ह्या कसोट्या विचारात घेतल्या म्हणजे लहान पेढीच्या खतावणीतील एकेका शीर्षकाला केवढे मोल येते हे ध्यानात येईल. काही मालक रक्कम दरवर्षी थोडी बदलतात, एखादे वर्ष कपडे किंवा मिठाई देतात आणि खात्यावर 'दिवाळी बक्षीस' असे लिहितात. ह्यात नेहमीच लबाडी असते असे नाही, परंतु परिणाम एकच होतो. उलट, कायदा लागू असलेल्या पेढीने सणाला दिलेली वहिवाटीची रक्कम वर्षाच्या बोनसमधून वळती करून घेता येते, अशी अधिनियमाची तरतूद होती. तेथे तीच रक्कम 'बक्षीस' म्हणून लिहिणे मालकाच्याच अंगाशी येण्याचा संभव असतो.

जुना कृपावाचक अर्थ आज कोठे उरला आहे, असे विचारल्यास उत्तर अनपेक्षित ठिकाणी सापडते. स्थानिक स्वराज्य संस्थांचे कर्मचारी अधिनियमाच्या बाहेर ठेवलेले होते. म्हणून महानगरपालिका दिवाळीला जे देतात त्याला 'सानुग्रह अनुदान' असे नाव आहे. 'अनुग्रह' शब्दातून मर्जी पुन्हा संस्कृत वेषात परत आली. कर्मचारी मात्र त्याला बोनसच म्हणतात, आणि तो न मिळाल्यास थकला असेही म्हणतात.

२०१९ च्या वेतन संहितेत बोनसच्या तरतुदी समाविष्ट करण्यात आल्या. वेतनमर्यादेचा आकडा संहितेत न लिहिता सरकारच्या अधिसूचनेवर सोपविला गेला, किमान ८.३३ व कमाल २० हे दर राहिले, आणि २० नोकरांची अटही राहिली. त्यामुळे एकोणीस नोकरांच्या दुकानातील एकोणिसाव्या नोकराचा दावा नागदेवीच्या कामगारांप्रमाणेच वहिवाटीवर किंवा नोकरीच्या शर्तीवर उभा राहतो, आणि तिचा लेखी पुरावा बहुधा मालकाच्याच वहीत असतो.